तापीचं नाही, म्हणजे गोदावरीचं?

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे सहा घाटावरचे. सोयरीक जुळवताना, बदली मागताना, पेरणीच्या गप्पा मारताना ही विभागणी जिल्ह्यात रोज तोंडी असते. कुणी म्हणालं, "आमचा तालुका घाटाखालचा नाही," की ऐकणारा लगेच "म्हणजे घाटावरचा" असं धरून चालतो. त्याचं धरणं बरोबरही असतं.

नववीच्या गणित भाग १ मधलं पहिलं प्रकरण संचांचं आहे. या माणसाच्या मनात जो हिशेब झाला, त्याला तिथे नाव दिलेलं आहे. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं आहे त्या सगळ्यांचा मिळून विश्वसंच. त्यातला आपण निवडलेला एक उपसंच. विश्वसंचात आहेत पण त्या उपसंचात नाहीत, अशा घटकांचा संच म्हणजे पूरक संच. जिल्ह्याचे तेरा तालुके हा विश्वसंच धरला तर घाटाखालच्या सातांचा पूरक संच घाटावरच्या सहांचा. तेरातून सात गेले, राहिले सहा. संच आणि त्याचा पूरक एकत्र केले की अख्खा विश्वसंच परत मिळतो. दोघांत सामाईक असं काहीच नसतं. आणि पूरकाचा पूरक घेतला की आपण मूळ संचावर येऊन पोचतो.

शाळेत हे सगळं एका तासात उरकतं. दोन उदाहरणं फळ्यावर, एक वेन आकृती, बाकीचं रेघोट्या मारून. मला हे फार खटकतं. संयोग आणि छेद यांच्यापेक्षा पूरक संच ही कितीतरी नाजूक गोष्ट आहे. संयोग किंवा छेद घ्यायला दोन संच पुरतात. त्यांच्या बाहेर काय आहे हे विचारावं लागत नाही. पूरक संचाला मात्र बाहेरचं सगळं लागतं, आणि 'बाहेरचं सगळं' म्हणजे नेमकं किती हे आधी ठरवावं लागतं. आपल्या बोलण्यातल्या, बातम्यांतल्या आणि सरकारी तक्त्यांतल्या बऱ्याच चुका नेमक्या इथे होतात: 'नाही' म्हटलं जातं, पण कशातून नाही, ते सांगायचं राहतं.

घाटाखालच्या त्या सात तालुक्यांची यादी तशीच ठेवू आणि फक्त विश्वसंच बदलू. जिल्ह्याऐवजी अमरावती विभाग घेऊ. अमरावतीचे १४, अकोल्याचे ७, वाशिमचे ६, यवतमाळचे १६ आणि आपले १३, असे ५६ तालुके. आता त्याच सातांचा पूरक संच ४९ तालुक्यांचा झाला, आणि त्यात तेल्हारा आणि अकोट आले. तेल्हारा तर संग्रामपूरला लागूनच. तीच पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन, तीच कपाशी. यादीत नाही म्हणून तो पूरक संचात गेला, पण म्हणून तो काही घाटावर चढून बसला नाही. संच तोच, पूरक बदलला. संचाला त्याचा पूरक जन्मतः मिळत नाही. तो विश्वसंच देतो.

तालुक्यांची यादी छोटी आहे, म्हणून चूक चटकन दिसते. जमिनीवर वाहणाऱ्या पाण्याकडे वळलं की ती लपते.

अजिंठ्याची डोंगररांग बुलढाणा जिल्ह्यातून जाते आणि जिल्ह्याचं पाणी दोन दिशांना वाटून देते. उत्तरेला उतरणारं पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेला मिळतं, पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. दक्षिणेच्या अंगाचं पाणी पैनगंगेत किंवा खडकपूर्णेत जातं. पैनगंगा याच जिल्ह्यात बुलढाण्याजवळ उगम पावते, येळगावच्या धरणात अडते, मेहकरवरून पुढे जाते आणि वर्धा, प्राणहिता असं करत गोदावरीत पोचते. खडकपूर्णेचं पाणीही परभणी जिल्ह्यात गोदावरीलाच मिळतं. गोदावरी बंगालच्या उपसागराला. एकाच डोंगरमाथ्यावर हाताच्या अंतरावर पडलेल्या दोन सरी भारताच्या दोन टोकांच्या समुद्रांत जाऊ शकतात.

इथे नावावर विसंबून चालत नाही, हेही सांगायला हवं. जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. सातपुड्याकडून येणारी वऱ्हाडातली पूर्णा तापीची, आणि देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात जिला खडकपूर्णा म्हणतात ती पूर्णा गोदावरीची. "पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव" एवढ्यावरून ते कोणत्या संचात घालायचं हे ठरत नाही. 'घाटावर' या शब्दावरूनही ठरत नाही. बुलढाणा तालुका घाटावरचा, पण नळगंगेसारखी नदी बुलढाण्याजवळच्याच डोंगरातून निघून तापीच्या बाजूला उतरते. तालुक्यांची विभागणी आणि पाण्याची विभागणी एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. पुस्तकात संचाची पहिली अट घटक सुस्पष्टपणे सांगता यावेत अशी असते; ती केवळ औपचारिकता नाही, याचं हे उदाहरण.

म्हणून व्याख्या नीट करू. विश्वसंच म्हणजे जिल्ह्याच्या जमिनीवरची सगळी ठिकाणं. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर आहे. एखाद्या ठिकाणी भरपूर पाणी पडलं आणि ते उताराने वाहत गेलं, तर शेवटी कुठे जाईल एवढाच प्रश्न विचारायचा. मुरलेलं किंवा वाटेतच आटलेलं पाणी हिशेबात धरायचं नाही. तळी आणि धरणं आड येत नाहीत, कारण भरली की सांडव्यावरून पाणी पुढे निघतंच. ज्या ठिकाणचं पाणी तापीला जाईल त्यांचा संच 'त'. ज्या ठिकाणचं गोदावरीला जाईल त्यांचा संच 'ग'. डोंगरमाथ्यावरच्या पाणलोट रेषेची जाडी शून्य मानू आणि ती कोणत्याही एका बाजूला देऊन टाकू.

आता प्रश्न: 'त' चा पूरक संच कोणता?

बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता 'ग' म्हणतील. जिल्ह्यात दोनच मोठी खोरी आहेत. तापीचं नाही ते गोदावरीचं. ९,६६१ चौरस किलोमीटरपैकी जवळपास सगळ्या ठिकाणी हे उत्तर बरोबर येईल. पण पूरक संचाची व्याख्या 'जवळपास' वर समाधान मानत नाही. जिल्ह्यात अशी एक जागा आहे की तिचं पाणी तापीला जात नाही आणि गोदावरीलाही जात नाही.

लोणार. लाव्ह्याच्या काळ्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून तयार झालेलं हे विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आहे, कडेपासून तळापर्यंत सुमारे दीडशे मीटर खोल. ते किती जुनं याबद्दल दोन आकडे दिले जातात. आधीच्या मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षं, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. विवराचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच उचललेला आहे. आतल्या उतारावर पडलेला प्रत्येक थेंब आतच जातो. ईशान्येच्या बाजूने धारेचा झरा येतो, रामगया आणि सीतान्हाणीचं पाणी येतं. सगळं आत येणारं. बाहेर जाणारा ओहोळ एकही नाही, आणि सरोवराची पातळी काठापासून इतकी खाली आहे की भरून सांडण्याचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा 'त' चा पूरक संच 'ग' नाही. तो 'ग' आणि लोणारचं विवर यांचा संयोग आहे. विवराचं क्षेत्र काढलं तर अडीच-पावणेतीन चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे जिल्ह्याच्या साडेतीन हजारांतला एक भागसुद्धा नाही. चहूबाजूंनी गोदावरीकडे जाणारी जमीन आणि मध्ये हा गोल. नदीखोऱ्यांच्या मोठ्या नकाशात एवढा ठिपका वेगळ्या रंगाने दाखवला जात नाही, तो भोवतालच्या रंगात मिसळून जातो. नकाशापुरतं ते ठीक. तर्काच्या दृष्टीने मात्र 'तापीचं नाही' आणि 'गोदावरीचं आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि त्यांच्यातला फरक म्हणजे अख्खं लोणार.

हा फरक कागदावरचा नाही. लोणार आज जसं आहे तसं या फरकामुळेच आहे. नदीचं पाणी जमिनीतले क्षार सोबत घेऊन समुद्राकडे जातं. लोणारमध्ये आलेल्या पाण्याला हवेत उडून जाण्याखेरीज वाट नाही. उडताना पाणी जातं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललं, म्हणून तिथलं पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी झालं. त्याचा सामू दहाच्या आसपास मोजला गेला आहे. आइने-अकबरीतही लोणारची नोंद आहे, ती इथे काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो म्हणून. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर सोड्याचे थर उघडे पडत. लोक ते गोळा करत, आणि प्रतवारीप्रमाणे त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, तेव्हा ही जाण इथल्या लोकांना कित्येक पिढ्यांची होती. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यात मिठाच्या तीव्र द्रावणात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. त्याच वर्षी लोणारला महत्त्वाच्या पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर दर्जा मिळाला. दोन्ही नद्यांच्या संचांबाहेर राहणं ही या जागेची खरी ओळख आहे, आणि घाईने घेतलेल्या पूरक संचात नेमकी तीच पुसली जाते.

"तापीचंही नाही आणि गोदावरीचंही नाही" या वाक्यात एक नियम दडलेला आहे. दोन्ही खोरी आधी एकत्र करा आणि मग त्यांच्या बाहेर काय राहतं ते पाहा: (त ∪ ग)′. किंवा तापीच्या बाहेरची जमीन वेगळी काढा, गोदावरीच्या बाहेरची वेगळी काढा आणि दोन्हींत सामाईक काय आहे ते पाहा: त′ ∩ ग′. दोन्ही वाटांनी आपण लोणारच्या विवराशीच पोचतो. संयोगाचा पूरक म्हणजे पूरकांचा छेद. तसंच छेदाचा पूरक म्हणजे पूरकांचा संयोग. हे दोन नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखले जातात, जरी मध्ययुगातल्या तर्कशास्त्रज्ञांनाही ते शब्दांतून माहीत होते.

डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, तरी भारताशी धागा सुटला नाही. दिल्लीचे गणिती मास्टर रामचंद्र यांनी १८५० मध्ये कलकत्त्यात छापलेला महत्तम-लघुतमावरचा ग्रंथ त्यांच्याच खटपटीने १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा निघाला. पण आपल्या विषयात त्यांच्या नियमांपेक्षाही मोलाची एक गोष्ट आहे. ॲरिस्टॉटलच्या काळापासून एक अडचण होती. 'माणूस नसलेलं' म्हटलं की त्यात दगड, समुद्र, राग, सात हा आकडा, सगळंच येतं, आणि अशा राशीबद्दल काही नेमकं बोलता येत नाही. १८४६ मध्ये डी मॉर्गन यांनी सुचवलं की बोलण्याला आधी हद्द घालावी. बोलणं माणसांपुरतं असेल, तर ब्रिटिश आणि परका हे एकमेकांचे पूरक. जो एकात नाही तो दुसऱ्यात. हीच आजच्या विश्वसंचाची पहिली ठळक कल्पना. जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात ती पुढे नेली. त्यांनी विश्वसंचाला १ म्हटलं, आणि क्ष या संचाचा पूरक १ − क्ष असा सरळ वजाबाकीने लिहिला. जॉन वेन यांच्या वर्तुळाच्या आकृत्या १८८० च्या. आज संगणकाच्या चिपमधलं 'नाही' हे तार्किक दार (नॉट गेट) याच बीजगणिताने चालतं.

मग हद्द न घालताच पूरक का घेऊ नये? विश्वातल्या एकूण एक गोष्टी हाच विश्वसंच का मानू नये? याला गणिताचं उत्तर फार सुंदर आहे आणि ते चार ओळींत सांगता येतं. समजा, कोणतीही हद्द न घालता अ या संचाचा पूरक संच मिळाला. मग अ आणि त्याचा पूरक यांचा संयोग म्हणजे सगळ्याच गोष्टींचा संच, त्यात सगळे संचही आले. आता त्यातून जे संच स्वतःचेच घटक नाहीत असे सगळे निवडून एक नवा संच करा. हा नवा संच स्वतःचा घटक आहे का? आहे म्हणावं, तर अटीप्रमाणे तो असता कामा नये. नाही म्हणावं, तर अट पुरी होते आणि तो असायलाच हवा. १९०१ मध्ये बर्ट्रांड रसेल यांना हा पेच दिसला आणि संचांच्या शास्त्राचा पायाच नव्याने घालावा लागला. १९०८ मध्ये झर्मेलो यांनी मांडलेल्या आणि पुढे सुधारलेल्या नियमांत सगळ्यांचा मिळून एक संच नाहीच. म्हणजे हद्दीशिवाय पूरक संच नसतो, हा शिस्तीचा आग्रह नाही. या नियमांत तसा संच असूच शकत नाही.

आता सरकारी तक्त्यांकडे येऊ. इथे पूरक संचाची चूक माणसांना भोवते, म्हणून मी जरा रेंगाळणार आहे.

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. साक्षरतेचं प्रमाण जेव्हा टक्क्यांत सांगतात, तेव्हा त्यातला विश्वसंच सात वर्षं आणि त्यापुढच्या माणसांचा असतो. हे योग्यच आहे. तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही ही काही उणीव नव्हे. पण जनगणनेच्या गावनिहाय प्राथमिक सारणीत 'निरक्षर' असा एक रकाना असतो, आणि तो एकूण लोकसंख्येतून साक्षर वजा करून भरलेला असतो. त्यामुळे त्यात सहा वर्षांपर्यंतची सगळी मुलं येतात, पाळण्यातली बाळंसुद्धा. साक्षरांचा संच दोन्हीकडे एकच. विश्वसंच दोन. म्हणून 'साक्षर नसलेले' हेही दोन निघतात. एखाद्या गावात लहान मुलं जास्त असतील, तर तो रकाना फुगतो आणि गाव आहे त्यापेक्षा मागास दिसतं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गासाठी किती माणसं मिळतील हा अंदाज त्या रकान्यावरून काढला, तर अंगणवाडीतली पोरंही त्यात मोजली जातात. आकडा खोटा नसतो. तो ज्या विश्वसंचातून काढला तो वेगळा असतो, आणि ते तळटीपेत शोधावं लागतं.

त्याच जनगणनेत जिल्ह्यात १३,३७,५६० पुरुष आणि १२,४८,६९८ स्त्रिया नोंदल्या आहेत. बेरीज एकूण लोकसंख्येशी अगदी बरोबर जुळते. मात्र २०११ मध्ये प्रगणकांच्या तक्त्यात लिंगाच्या जागी 'इतर' हा तिसरा पर्याय प्रथमच दिलेला होता. मुख्य सारण्या छापताना 'इतर' म्हणून नोंदलेली माणसं पुरुषांच्या रकान्यात मिळवली गेली. म्हणजे तो रकाना प्रत्यक्षात 'स्त्री नाही' असा आहे, आणि त्यावर नाव 'पुरुष' असं आहे. लोणारच्या ठिपक्याला नकाशात जे होतं तेच इथे माणसांना झालं. संख्येने थोडी असणं हे कुणालाही दुसऱ्याच्या रकान्यात टाकण्याचं कारण होऊ शकत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पावसाच्या अंदाजाकडे पाहा. भारतीय हवामान विभाग मोसमी पावसाचा अंदाज देतो तेव्हा दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस 'सामान्य' समजतो. याचा पूरक संच एकसंध नाही. खाली 'सामान्यपेक्षा कमी' आणि त्याखाली 'अपुरा', वर 'सामान्यपेक्षा जास्त' आणि त्याहून वर 'अतिरिक्त', अशा चार श्रेणी त्यात येतात. "यंदा पाऊस सामान्य नसेल" हे ऐकून मनात दुष्काळ उभा राहतो. पूरक संचात सोयाबीन कुजवणारा पाऊसही तेवढाच बसतो.

अंदाजांचा विषय निघाला की या जिल्ह्यात भेंडवळचं नाव निघणारच. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्यांची हालचाल पाहून पिकापाण्याचं भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरहून शेतकरी येतात. येणाऱ्याच्या मनात पेरणीची काळजी असते, आणि त्या काळजीचा मला आदर आहे. पण भाकीत खरं ठरलं की नाही हे तपासायचं, तर पूरक संचाशिवाय गत्यंतर नाही.

समजा, कुणी डोळे मिटून अठरा पिकांबद्दल अंदाज केला. प्रत्येकाला चांगलं, मध्यम, वाईट यांपैकी एक शेरा, तिन्ही सारखेच संभाव्य, आणि एका पिकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. यातलं किमान एक तरी बरोबर येण्याची शक्यता किती? एक बरोबर, दोन बरोबर, तीन बरोबर असं अठरापर्यंत मोजत बसलं तर हात दुखतील. पूरक घटना मात्र एकच: एकही बरोबर नाही. एक अंदाज चुकण्याची शक्यता दोन-तृतीयांश; अठराच्या अठरा चुकण्याची शक्यता दोन-तृतीयांशाचा अठरावा घात, म्हणजे सुमारे ०.०००७. ती १ मधून वजा केली की ०.९९९३. नुसत्या अंदाजपंचे बोलण्यातही काहीतरी खरं ठरणार हे जवळजवळ नक्की, आणि सरासरीने सहा पिकं तर बरोबर येणारच. म्हणून "अमुक पिकाचं अगदी तसंच झालं" हा पुरावा होत नाही. अठरांपैकी किती बरोबर आली, आणि सहापेक्षा दरवर्षी स्पष्टपणे जास्त येतात का, हे पाहायला हवं.

दुसरी कसोटी याहून सोपी आहे आणि ती कुठल्याही अंदाजाला लावता येते, मग तो घटाचा असो, पंचांगाचा असो किंवा टीव्हीवरच्या तज्ज्ञाचा. अंदाज खोटा ठरेल अशा परिस्थितींचा संच काढायचा. "कुठे कमी, कुठे जास्त पाऊस राहील" अशा वळणाचं वाक्य घ्या. ते कोणत्या वर्षी खोटं ठरेल? तेरा तालुक्यांत अगदी सारखा पाऊस पडला तरच, आणि असं कधीच होत नाही. ज्या विधानाचा पूरक संच रिकामा, ते कायम खरं असतं आणि काहीच सांगत नाही. "जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नांदुऱ्यात पन्नास मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस" या विधानाचा पूरक संच मोठा आहे, ते खोटं ठरायला भरपूर वाव आहे, आणि म्हणूनच ते खरं ठरलं तर त्याला किंमत आहे.

शेवटी खारपाणपट्ट्यातलं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत भूजल खारं असलेला मोठा पट्टा आहे. आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या बाजूला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी दोन मर्यादा दिलेल्या आहेत. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालेल. पहिला संच दुसऱ्याच्या पोटात आहे. पूरक घेतले की हे नातं उलटतं: दोन हजारांच्या वरच्या पाण्याचा संच पाचशेच्या वरच्या पाण्याच्या संचात मावतो. म्हणून दोन हजार ओलांडलेलं पाणी पाचशेची कसोटी हरलेलंच असतं, पण पाचशेची कसोटी हरलेलं प्रत्येक पाणी टाकाऊ नसतं.

या दोन रेषांच्या मध्ये मोठी जागा आहे. समजा, एका गावच्या बोअरचा अहवाल १,२०० आला. ग्रामसभेत एक जण म्हणतो, "पाणी मानकात बसत नाही." दुसरा म्हणतो, "पाणी पिण्यास अयोग्य नाही." दोघंही अहवालच वाचत असतात आणि दोघांचंही वाक्य आपापल्या मर्यादेपुरतं खरं असतं: एक पहिल्या संचाचा पूरक सांगतो आहे, दुसरा दुसऱ्या संचाच्या पूरकात पाणी नाही असं सांगतो आहे. भांडण मिटायला तिसरी माहिती लागते: गावाला नळयोजनेचं गोडं पाणी पोचतं का? पोचत असेल, तर २,००० ची सवलत लागूच होत नाही आणि तो बोअर पिण्यासाठी बाद. पोचत नसेल, तर तेच १,२०० चं पाणी मानकाप्रमाणे चालवून घ्यावं लागतं. अहवालावर आकड्याशेजारी "पिण्यायोग्य" किंवा "अयोग्य" एवढाच शिक्का न मारता कोणती मर्यादा लावली आणि दुसरा स्रोत आहे की नाही, हे दोन्ही लिहायला एक ओळ पुरते.